अर्धा श्वास

तिने गळ्यातला स्कार्फ सोडला, सवयीने एकदा नाकाशी नेला आणि घडी करून गुंडीच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला. दुधाची बाटली आणि लंगोट खाली गेले. मग तो दबेल असं वाटून तिने घडी पुन्हा सैल केली.

"ताजा आहे," ती पाळणाघराच्या मावशींना म्हणाली. "काल सकाळपासून गळ्यातून काढलेला नाही."

"बरं, बरं." भट्टीतून आत्ताच काढलेली पावाची लादी घ्यावी तशी मावशींनी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "आता हिला द्या. की हिचीही घडी घालताय?"

गुंडी म्हणजे तिची मुलगी, नुकतीच धरून उभी राहायला लागलेली. नाकाचा शेंडा सदऱ्याच्या गुंडीसारखा गोल, म्हणून गुंडी. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना तिने आईचा कान पकडला, खालचा ओठ काढला आणि एक लांब श्वास आत घेतला. तो श्वास आईला पाठ होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे तेही. तिने कान सोडवून घेतला, पाठ फिरवली आणि चार पावलं टाकते न टाकते तोच ते रडणं पाठीवर येऊन आदळलं.

गल्लीच्या वळणापर्यंत ते मागे यायचं. वळणाच्या अलीकडेच ती श्वास रोखून धरायची आणि पलीकडे जवळजवळ पळायची. पुढे काय होतं, रडणं किती वेळ चालतं, की चालतच राहतं, हे ऐकायची तिची छाती नव्हती. म्हणून तर तो स्कार्फ.

युक्ती तिचीच. एकाच कापडाचे दोन निळे सुती स्कार्फ तिने आणले होते. एक तिच्या गळ्यात मुरत असायचा, तेव्हा दुसरा पाळणाघरात असायचा, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बाळ आईला आधी नाकाने ओळखतं, डोळ्यांनी नंतर. आई नसेल तर निदान आईचा वास जवळ असावा. त्यासाठी घरात फर्मान निघालं होतं. स्कार्फला साबण लावायचा नाही, मशीनमध्ये टाकायचा नाही, दोरीवर इतर कपड्यांशेजारी वाळतही घालायचा नाही.

"अगं, लोकांची भांडणं कपडे धुतले नाहीत म्हणून होतात," नवरा म्हणाला होता. "आपली धुतले म्हणून."

"हात लावून तर बघ."

"नाही लावत बाई. अर्धं घर तुझ्या नाकावर चालतं."

हे मात्र खरं होतं. तू काम काय करतेस असं कोणी विचारलं, की ती सांगायची, मी संगणकाला वास घ्यायला शिकवते. यावर लोक आधी हसायचे आणि मग हळूच आपली बाही हुंगून बघायचे.

*

नाकाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या अगदी उंबरठ्यावर, वासाची पहिली ओसरी असते. बाहेरून आलेला वास आधी तिथे टेकतो. तिथल्या पेशी एकमेकींच्या कानाला लागतात, काही चमकतात, काही एकमेकींना गप्प करतात, आणि त्या कुजबुजीतून पुढे निरोप जातो की हे केळं आहे, हा धूर आहे, ही आई आहे. तिचं काम म्हणजे ही ओसरी संगणकात उभी करणं. पेशी आकड्यांच्या, त्यांना जोडणारे धागे आकड्यांचे, आणि आत सोडलेला वासही आकड्यांचाच.

खऱ्या डोक्यात अशा पेशी लाखांनी असतात. तिच्या टेबलावरच्या संगणकाला तेवढं झेपणारं नव्हतं, म्हणून तिने जाळं लहान विणलं होतं, काही शे पेशींचं. लहान जाळ्यात प्रत्येक पेशीला शेजार थोडा. थोड्या शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा तिने धागे जाड केले, म्हणजे एकीने हाक मारली की दुसरी दचकून उठलीच पाहिजे. आणि मग एका दुपारी, पोटात गुंडी असताना, ते घडलं. तिने जाळ्यात केळ्याचा वास सोडला आणि पडद्यावरच्या पेशी एकदम उजळल्या, एकदम विझल्या, पुन्हा उजळल्या. एखादा पाळणा हलावा तसं. मग तिने केळ्याच्या वासाचा चुलतभाऊ शोभेल असा नखांना लावायच्या रंगाचा वास सोडला. पाळणा पुन्हा हलला, पण वेगळ्या झोक्याने. इतके जवळचे दोन वास, नुसत्या झोक्यावरून वेगळे ओळखू येत होते. तेवढ्यात पोटात आतून एक टाच लागली, त्याच ठेक्यात. ठेका तोच होता की तिला तसा वाटला, हे तिने कधी तपासलं नाही. सगळ्याच गोष्टी तपासायच्या नसतात.

त्या झोक्यावर तिला संस्थेत जागा मिळाली. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली, तेव्हा विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला समोर बसवलं. बाईंचे केस पांढरे, आवाज कोरडा, आणि टेबलावर कायम एक सोललेलं संत्रं.

"झोका छान आहे," बाई म्हणाल्या. "पण अंगणातलं तळं पाहून समुद्राबद्दल बोलता येत नाही. पूर्ण मापाचं जाळं विण. मोठ्या यंत्रावर तीन पाळ्या मिळवल्यात तुझ्यासाठी. त्यातही झोका दिसला, तर पुढे काम आहे आणि तुझी जागाही. नाही दिसला, तर..." बाईंनी संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. "आधी बघ तरी."

त्या 'तर'च्या पुढे काय आहे हे तिला न सांगताही समजत होतं. वर्षअखेरीला टेबल रिकामं करायचं होतं.

*

मोठं यंत्र, म्हणजे संस्थेचा महासंगणक, तळघरात होतं. माणसाच्या उंचीची काळी कपाटं ओळीने उभी, पाठीमागून सतत गरम वारा. ते सांभाळणारा गृहस्थ बाराही महिने अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात असायचा आणि त्याला सगळे भट्टीवाला म्हणायचे. त्याला त्याचा अभिमान होता.

लाखो पेशींचा हिशेब एवढ्या यंत्रालाही जड जायचा. खऱ्या नाकाचा हुंगण्यापुरता एक श्वास, पापणी लवायला लागतो त्याहून थोडा अधिक वेळ. तेवढाच श्वास घ्यायला यंत्राला सकाळपासून संध्याकाळ लागायची. गुंडीला सोडून ती आली की श्वास सुरू व्हायचा, गुंडीला आणायला निघायची वेळ झाली की संपायचा. मधला सगळा दिवस ती त्या एका श्वासाच्या आत वावरायची. जेवायची, बाटलीसाठी दूध काढून ठेवायची, खिडकीशी उभी राहायची. खाली, गरम वाऱ्यात, कोणीतरी अजून तेच केळं हुंगत असायचं. अर्धवट झोपेच्या त्या दिवसांत तिला कधीकधी वाटायचं, आपणही कोणाच्या तरी श्वासात असू. त्याला घाई नसेल, आणि आपल्याला वाटतं दिवस चाललेत.

पहिल्या पाळीला तर फजितीच झाली. तिने जाळं मोठं केलं, पण धागे जुन्याच जाडीचे राहिले. जाळं लहान असताना हाताने बसवलेला आकडा, तो बदलायचा असतो हेच तिच्या ध्यानात राहिलं नाही. जिथे प्रत्येकीला चार शेजारणी होत्या तिथे आता हजार झाल्या, आणि जी ती जुन्या सवयीने ओरडत होती. वास आत जायचा अवकाश, सगळ्या पेशी एकदम पेटल्या त्या पेटलेल्याच. केळं सोडा, नखांचा रंग सोडा, काहीही सोडा, उत्तर एकच. गोंगाट.

"ताई," भट्टीवाला पडद्याकडे बघत म्हणाला होता, "तुमच्या मेंदूला फीट आली की हो."

दुसऱ्या पाळीला तिने शेजार जितका वाढला तितका धागा बारीक केला. हिशेबाने तेच बरोबर होतं. आणि झोका गेला. सगळ्या पेशींची बेरीज दाखवणारी रेघ, जी लहान जाळ्यात पाळण्यासारखी वर-खाली व्हायची, ती आता नुसती थरथरत होती. वाऱ्याविना झाडाची पानं थरथरतात तशी. तिने रेघ जवळ आणून पाहिली, लांबून पाहिली. केळ्याला तीच सळसळ, नखांच्या रंगाला तीच सळसळ.

त्या संध्याकाळी ती गुंडीला कडेवर घेऊन घरी निघाली. ज्या झोक्यासोबत ही पोर पोटात वाढली, तो खोटा होता का, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. गुंडी तिच्या गळ्यात नाक खुपसून तिथला स्कार्फ चोखत होती.

*

आज तिसरी पाळी. तळघराच्या पायऱ्या उतरताना तिच्या पायांत अजून ते वळणापलीकडचं पळणं होतं.

"विचार केला का?" भट्टीवाल्याने विचारलं.

युक्ती त्याचीच होती. धागे पार जाडही नकोत, हिशेबाने येतात तितके बारीकही नकोत. मधला एखादा आकडा धरायचा. गोंगाट होणार नाही आणि झोका परत येईल. आकडा फिरवत गेलं की कुठेतरी येतोच.

"खऱ्या डोक्यात इतके जाड धागे असतात का पण?" ती म्हणाली.

"खऱ्या डोक्यात वाकून कोण बघतंय? ताई, लेकरू आहे घरी. झोका पाहिजे ना? आणू झोका." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सगळे करतात. आकड्याला थोडी गुदगुली करायची, आकडा हसतो."

तिने खुर्ची ओढली, मधला आकडा टाकला आणि बटण दाबलं. कपाटांचा आवाज एक पट्टी वर चढला. श्वास सुरू झाला.

दुपारच्या सुमाराला रेघेने पहिली उचल खाल्ली. मग खाली आली. मग पुन्हा वर. ती खुर्चीत पुढे झाली. तोच होता. थोडा आळसावलेला, थोडा मोठ्या अंगाचा, पण तोच.

"आला!" भट्टीवाल्याने टाळी वाजवली. "घ्या. पेढे नाहीत तर नाहीत, चहा तरी पाजा."

तिला आनंद झाला होता. तरी ती पडद्याकडे अशी बघत होती, जशी गुदगुल्या करून हसवलेल्या मुलाकडे बघावं. हसतंय खरं, आणि डोळे आपले विचारतायत की हे कशाबद्दल.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठे? अहो, आत्ता तर रंग चढतोय."

"लेकीला बघून येते. तुम्हीच म्हणालात, लेकरू आहे."

एरवी या वेळेला ती कधी बाहेर पडली नव्हती. रस्ता ओळखीचा आणि तरी दुसऱ्याच कोणाच्या मालकीचा वाटत होता. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या, एका ओट्यावर मांजर उन्हाची वाटणी करून झोपलेलं, न्हाव्याच्या दुकानात न्हावीच खुर्चीत बसून पेंगत होता आणि समोरच्या आरशात आणखी एक न्हावी पेंगत होता. तिच्या पावलांचा आवाज तिच्याही कानांवर उशिरा येत होता. आपण श्वासाच्या मधोमध आहोत, तिला वाटलं. आत घेऊन झालाय, सोडायचा बाकी आहे.

वळणाशी आल्यावर तिने सवयीने श्वास रोखला. मग कान टवकारले. रडणं नव्हतं.

रडणं नसणं हेही भीतीचंच वाटलं तिला. ती दाराकडे न जाता खिडकीकडे गेली.

आत सगळं निळं होतं.

आधी तिला कळेचना की हे काय आहे. भिंती निळ्या, चटया निळ्या, ओळीने पालथी-उताणी पसरलेली मुलं निळी. पाण्याच्या तळाशी झोपल्यासारखी. मग वाऱ्याची झुळूक आली आणि ते निळं हललं, आणि तिला दिसलं की खिडकीच्या गजांना दोन टोकांनी बांधलेला तिचा स्कार्फ आहे. काल सकाळपासून गळ्यातून न काढलेला. ऊन त्यातून गाळून आत येत होतं.

ती गुंडीला शोधू लागली. झोपलेल्या मुलांचे चेहरे एकाच मुशीतून काढल्यासारखे दिसतात. एकदा तिची नजर आपल्याच मुलीवरून पुढे गेली आणि परत आली. गुंडीचा एक पाय शेजारच्या मुलीच्या पोटावर होता, एक हात मावशींच्या बाहीत अडकलेला, आणि तिच्या डोक्यावर तिसऱ्याच कोणाचं कानटोपडं होतं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, बाही हलकेच सोडवून घेतली आणि बाहेर आल्या.

"काय झालं? बरं नाही का?"

"नाही, सहज." तिने खिडकीकडे बोट केलं. "तो..."

मावशी ओशाळल्या. "अहो, दुपारी तिरीप येते हो थेट डोळ्यांवर. एकही झोपत नाही. म्हणून म्हटलं, आहे तर लावू."

"म्हणजे आजच?"

मावशींनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा काडीचा तुकडा सरकवला. "पहिले दोन दिवस दिला मी तिला. तिने फेकला. मग एक दुसरी पोर घेऊन हिंडली. मग लागली तिरीप... तुम्ही रोज इतक्या मायेने देता, माझ्या तोंडातून निघेना बघा."

"आणि सकाळचं रडणं?"

"ते होय? ते तुमच्यासाठी असतं." मावशी हसल्या. "तुम्ही वळणाआड झालात की संपलं. मग ही आणि ती शेजारीण, एकमेकींचे कान ओढतात. बघायला पाहिजे तुम्ही. पण तुम्ही तर पळत सुटता, जसं काही मागे कुत्रं लागलंय."

ती हसली. हसायला थोडा उशीर झाला. रोज सकाळी इतक्या जपून घातलेल्या त्या घड्या, ते फर्मान, धुणं करताना चोरासारखा बाजूला सरकणारा नवरा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. कोणीतरी हलकेच थोबाडीत मारावी, आणि ती लागूही नये, तसं काहीसं झालं. मग कुठेतरी खोल, लाजच वाटावी इतकं बारीक असं दुखलं. बाहीत अडकलेला तो हात.

"जरा घेऊ तिला?"

"उठेल."

"नुसती जवळ बसते."

ती चपला काढून आत गेली आणि निळ्या उजेडात गुंडीशेजारी गुडघ्यांवर बसली. वाकून तिने तिच्या टाळूशी नाक नेलं. वासाचं काम करणारी बाई होती ती, तिला एकेक वेगळा काढता यायचा. मावशींच्या डोक्याचं तेल. उकळलेलं दूध. फरशी पुसायचं औषध. रबरी खेळण्याचा वास, कानटोपड्यात मुरलेला दुसऱ्या घराचा साबण, शेजारणीची लाळ, कोणाचीतरी पावडर. ती एकेक बाजूला करत गेली. सगळे काढले की खाली गुंडी उरेल असं तिला वाटत होतं. ते काढता काढता काहीच उरेना.

तिने दचकून डोळे मिटले आणि काढलेले वास पुन्हा जिथल्या तिथे येऊ दिले. आणि गुंडी आली. तेलात थोडी, दुधात थोडी, त्या परक्या साबणातसुद्धा थोडी. या खोलीतल्या दुसऱ्या कोणत्याही टाळूशी नाक नेलं असतं, तर तेच तेल आणि तेच दूध असतं, आणि ती गुंडी नसती.

किती वेळ बसली तिलाच कळलं नाही. वर निळं हलत होतं. झोक्यासारखं नव्हे, नुसतं हलत होतं.

*

"थांबवा," तळघरात पाऊल टाकताच ती म्हणाली.

"काय?" भट्टीवाल्याचा चहाचा पेला तोंडाजवळच राहिला.

"श्वास थांबवा. धागे बारीक करून पुन्हा सुरू करायचाय."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? असा गोड झोका येतोय! आणि तुमची ही शेवटची पाळी. आता नवा सुरू केला तर संध्याकाळपर्यंत अर्धाच होईल."

"अर्धा पुरे."

"अर्ध्यात काय कळणार?"

"खरं नाकही पूर्ण श्वासाची वाट बघत नाही," ती म्हणाली. पण तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. तिने हात पुढे करून स्वतःच श्वास थांबवला. रेघ मध्येच, वर चढताना तुटली. भट्टीवाल्याने छातीला हात लावला.

"चालता पाळणा धरला तुम्ही," तो म्हणाला आणि पुटपुटत का होईना, नवी पाळी लावायला बसला.

या वेळी तिने बेरजेची रेघ पडद्यावर मागवलीच नाही. प्रत्येक पेशीचा एक ठिपका, तिच्या-तिच्या उजेडाचा, असं त्याला मांडायला सांगितलं. डावीकडे केळं, उजवीकडे नखांचा रंग. ऊन उतरत गेलं, वरच्या मजल्यांवर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि पडद्यावर हळूहळू दोन आकाशं उगवली. दोन्हींत लाखो मिणमिणते ठिपके. कोणी ओरडत नव्हतं. कोणी कोणासोबत एकदम उजळत नव्हतं.

"सारखीच आहेत की," भट्टीवाला म्हणाला.

"एक ठिपका धरून बघू नका. सगळेच बघा, सैल डोळ्यांनी."

त्याने डोळे बारीक केले, मोठे केले, मान कलती केली. "मला तर चाळशी बदलायला झालीये एवढंच दिसतं."

मग तिने यंत्रालाच विचारलं. वासाचं नाव लपवून पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे ठिपक्यांचं कधी हे, कधी ते आकाश ठेवलं आणि 'ओळख' म्हणाली. यंत्र ओळखत गेलं. हे केळं. हा नखांचा रंग. हे केळं. क्वचित चुकत होतं, माणूस चुकतो तितकंच. थोडे ठिपके घेऊन विचारलं तर त्याला काही सांगता येत नव्हतं. सगळे घेतले की येत होतं. प्रत्येक पेशी अगदी थोडं, स्वतःशीच बोलावं इतकं हळू बोलत होती.

भट्टीवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "झोका नाही आणि ओळखतंय?"

"हो."

"आणि श्वास अर्धाच."

"हो."

"बाईंना काय सांगणार?"

बाई दारातच उभ्या होत्या. कधी आल्या ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या हाताचा संत्र्याचा वास आला, म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

"झोका?" बाईंनी विचारलं.

तिने ओठ ओले केले. गुंडीला कडेवर घेऊन घरी जातानाची ती गल्ली, वर्षअखेरीचं ते रिकामं टेबल, सगळं तिला एका क्षणात दिसलं. "नाही," ती म्हणाली. "आणता येतो. दुपारी आणला होता. पण तो आणावा लागतो. आपोआप नाही येत."

बाई जवळ आल्या. त्यांनी ती दोन आकाशं बराच वेळ पाहिली, मग खालचे उत्तरांचे आकडे पाहिले.

"मग ते लहान जाळ्यातलं सगळं खोटं होतं, असं म्हणायचं?"

हा प्रश्न तिने स्वतःला इतक्यांदा विचारला होता, की दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना तिला बरंच वाटलं.

"खोटं नव्हतं, बाई. लहान होतं. थोड्याच जणी होत्या ना. एकमेकींना घट्ट धरून होत्या, म्हणून एकदम हलायच्या."

वारा कपाटांमागून येऊन बाईंचे पांढरे केस हलवत होता. भट्टीवाला उगाच एक वायर हातात घेऊन तपासू लागला.

"झोका सापडला म्हणून लिहिणं सोपं असतं," शेवटी बाई म्हणाल्या. "झोका का हरवला आणि त्याच्या जागी काय आहे, हे लिहायला वर्ष लागेल."

"लागेल."

"मग वर्षभर बसायला जागा लागेल तुला." खिडकीजवळची खुर्ची हवी की दाराजवळची, असं विचारावं तशा आवाजात त्या हे बोलल्या. जाताना दारात थांबल्या. "आणि आता जा. मूल वाट बघत असेल."

"बघत नसेल," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. "तरी जाते."

*

सकाळी नवऱ्याने दोरीवर निळा स्कार्फ वाळत घातलेला पाहिला आणि तो दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"मी नाही हं. आईशप्पथ. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मीच धुतला."

त्याने तिच्याकडे पाहिलं, स्कार्फकडे पाहिलं, जवळ जाऊन तो हुंगला. "साबणाचा वास येतोय."

"येऊ दे."

पाळणाघराच्या दारात तिने तो मावशींच्या हातात दिला, इस्त्री केलेला. पिशवीत नाही ठेवला.

"अय्या, हा कशाला आणखी?"

"दुसरी खिडकी उघडीच आहे ना अजून."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो खांद्यावर टाकला. गुंडीने आईचा कान धरला, ओठ काढला, लांब श्वास घेतला. रडणं आलं, रोजच्याइतकंच खणखणीत. ती वळणापर्यंत गेली. आज तिने श्वास रोखला नाही. वळणाआड, एका बंद दुकानाच्या फळीला टेकून ती उभी राहिली.

रडणं एकदा चढलं, अडखळलं, आणि थांबलं.

मागे राहिला तो नुसता गलका. खिडकीतून येणारा, खालच्या सुरातला, कोणाचाच नसलेला आणि सगळ्यांचा. तिने त्यातून गुंडीचा आवाज वेगळा काढून पाहिला. निघेना. ती आणखी थोडा वेळ ऐकत राहिली. मग हात सवयीने गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं, आणि ती तशीच मोकळ्या गळ्याने कामावर गेली.